रंगवताना काळा, भाजल्यावर निळा

जपानच्या क्यूशू बेटावर, सागा प्रांतात, आरिता नावाचे गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास, बाजूंना डोंगर आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून गेलेली एक लांबलचक पेठ. चारशे वर्षे या गावाचा मुख्य धंदा एकच राहिला आहे: पोर्सिलेनची भांडी घडवायची, हाताने रंगवायची आणि विकायची. पोर्सिलेनला आपण ढोबळपणे चिनी माती म्हणतो. आरिताला मात्र ही भांडी मातीतून घडली नाहीत, दगडातून घडली. त्या दगडाची गोष्ट पुढे येईलच. आधी रंगकाम पाहू, कारण खरे नवल तिथे आहे.

चाकावर उतरवलेली बशी वाळली की पहिल्यांदा सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. ही कच्ची भाजणी. त्यातून बाहेर आलेली बशी कोरडी, खरखरीत असते आणि ओल लागताच शोषून घेते. निळे काम याच बशीवर करायचे असते. निळ्यासाठी वापरतात ते द्रव्य म्हणजे कोबाल्ट असलेली एक खनिज पूड, जपानी नाव गोसु. ती बारीक घोटून चहाच्या काढ्यात कालवायची पद्धत आहे. चहातल्या तुरटपणामुळे पूड नीट मिसळते आणि कुंचल्यातून सरळ उतरते. पण ही पूड दिसते काळपट, राखाडी. रंगवणाऱ्याला निळा रंग दिसतच नाही. पाण्याचे प्रमाण किती, कुंचला किती वेळ टेकला, लेप किती जाड बसला, एवढ्यावरून भट्टीनंतर कोणता निळा उमटेल याचा अंदाज बांधायचा. आणि ओढलेली रेघ पुसता येत नाही. बशीने ती केव्हाच पिऊन टाकलेली असते.

रेघांच्या आतला भाग भरण्याच्या कामाला दामी म्हणतात. त्यासाठी वापरायचा कुंचला पहिल्यांदा पाहणाऱ्याला चुकीचा वाटेल इतका जाड असतो, मुठीएवढ्या पोटाचा. त्यात भरपूर पातळ गोसु धरून ठेवतात. बशी तिरपी धरायची, कुंचला हलकेच दाबून रंगाचे एक थारोळे पृष्ठभागावर उतरवायचे आणि ते थारोळे कुंचल्याच्या टोकाने पुढे पुढे नेत रेघेपर्यंत आणायचे. रेघ ओलांडायची नाही, मध्ये थांबायचे नाही. थांबले तर तिथे गडद डाग पडतो आणि तो भाजल्यावरच दिसतो. शेवटी उरलेला थेंब त्याच कुंचल्याने परत शोषून घ्यायचा. कुंचला बशीला टेकतो न टेकतो. काम करते ते पाणी. तळव्याएवढी जागा एकसारखी भरायला काही क्षण लागतात, आणि ते क्षण साधायला वर्षे.

रेघ ओढणारा माणूस वेगळा आणि दामी करणारा वेगळा. दामीचे काम परंपरेने बव्हंशी बायकांकडे राहिले आहे. चाकावर बसणारा तिसरा, झिलई देणारा चौथा, भट्टी सांभाळणारा पाचवा, आणि झिलईवरचे लाल-हिरवे रंग देणाऱ्यांची तर वेगळीच आळी. ‘हाताने रंगवलेले’ म्हटले की आपल्या मनात एकटा कलावंत येतो, खिडकीपाशी बसून स्वतःच्या लहरीने फूल काढणारा. आरिताच्या भांड्यांत तो जवळजवळ कुठेच नाही. तिथे पहिल्यापासून होता तो कारखाना, मोठ्या मागण्या पुऱ्या करणारा, कामाची काटेकोर वाटणी असलेला. फरक इतकाच की त्यात यंत्रांच्या जागी हात होते. या भांड्यांचे सौंदर्य समजून घ्यायचे तर हे आधी मान्य करावे लागते.

एकच नक्षी वीस बशांवर उमटवायची युक्तीही या कारखान्याला साजेशी. नक्षी पातळ हातकागदावर काढतात. तिच्या रेघा वाळक्या भोपळ्याच्या कोळशाने गिरवतात, कागद बशीवर पालथा ठेवतात आणि घासतात. कोळशाची फिकट रेघ बशीवर उतरते. एकदा गिरवलेला कागद अनेक बशांना पुरतो. कारागीर त्या रेघेवरून गोसुची रेघ ओढतो आणि कोळसा पुढे भट्टीत जळून जातो. म्हणजे आराखडा सगळ्या बशांना एकच असतो, कुंचला मात्र प्रत्येकीवर नव्याने फिरतो. पाच बशांचा संच शेजारी शेजारी मांडून पाहावा. फूल त्याच जागी असते, पण एकीत देठ जरा घाईने ओढलेला असतो, दुसरीत पाकळीच्या कडेला निळा किंचित जास्त साचलेला.

मग झिलई आणि १३०० अंशांच्या आसपासची मोठी भाजणी. झिलई म्हणजे काचच. ती वितळते आणि निळे काम तिच्या खाली कायमचे बंद होते. या भाजणीत भांडे दहा-पंधरा टक्क्यांनी आक्रसते आणि मऊही पडते. मोठे ताट असेल तर मध्यभागी खाली बसण्याचा धोका. म्हणून त्याच्या बुडाखाली मातीच्या बारीक सुळक्यांचे टेकू देतात आणि भाजून झाल्यावर ते मोडून काढतात. जुन्या आरिता ताटाचे बूड पाहिले तर त्या टेकूंचे तीन, चार, पाच ठिपके दिसतात. विकत घेणारे त्याला खोट समजतात, जाणकार तेच आधी शोधतात.

आता दगडाची गोष्ट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९२ ते १५९८ या काळात, जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. राजकीयदृष्ट्या ती पुरती फसली. परतणाऱ्या सरदारांनी मात्र कोरियातले कुंभार आपल्याबरोबर आणले. आणले हा सौम्य शब्द झाला. बरेच जण धरून आणलेले होते. सागाच्या नाबेशिमा घराण्याकडे आलेल्यांत ई साम-प्योंग हा होता, जपानी नाव कानागाए सानबेई. परंपरा सांगते की १६१६ साली त्याला आरिताजवळ इझुमियामा येथे पोर्सिलेनचा दगड सापडला आणि जपानमध्ये पोर्सिलेन सुरू झाले. उत्खननांवरून सुरुवात साधारण त्याच दशकातली दिसते, पण सगळे श्रेय एका माणसाला देणे अभ्यासकांना पटत नाही. ते काही असो, गावाने त्याला देव मानले. १९१७ मध्ये डोंगरावर त्याचे स्मारक उभारले, आणि खालच्या तोझान देवळात तोही पूजला जातो. त्या देवळाची कमान पोर्सिलेनची आहे, १८८८ सालची, पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी. देवळाच्या पायऱ्या आणि ही कमान यांच्या वाटेत रेल्वेचे रूळ आहेत. भाविक गाडी पाहून ओलांडतात.

इझुमियामाच्या दगडाचे वैशिष्ट्य असे की पोर्सिलेनला लागणारी द्रव्ये त्या एकाच दगडात होती. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या उखळांत तो कुटायचा, पाण्यात निवळायचा, मळायचा. खाण खोदून खोदून डोंगराची मोठी परात झाली आहे. आज तिथला दगड जवळजवळ वापरत नाहीत. माल अमाकुसा बेटांवरून येतो.

नाबेशिमा सरदारांना धंद्याचा वास लवकर लागला. १६३७ मध्ये त्यांनी ८२६ जपानी कुंभारांना या भागातून हाकलले आणि भट्ट्या आरिताच्या आसपास एकवटल्या. कारण दिले जंगलतोडीचे, आणि ते खोटे नव्हते. चढणीवर बांधलेल्या त्या लांब भट्ट्यांना पाइनची लाकडे बेसुमार लागत. पण कोरियन कारागिरांना ठेवून घेऊन बाकीच्यांना काढण्यामागे कसब आणि कर दोन्ही मुठीत ठेवण्याचा हिशेबही होताच.

झिलईवरचे रंग १६४० च्या दशकात आले. हे श्रेय साकाइदा काकिएमोन या नावाला जाते. नागासाकीतल्या एका चिनी माणसाकडून मिळालेली कृती बरेच प्रयोग करून त्याने जमवली, अशी घराण्याची नोंद आहे. हे रंग म्हणजे पूड केलेली रंगीत काच. भाजलेल्या, गुळगुळीत, चकचकीत भांड्यावर ते देतात आणि सुमारे ८०० अंशांवर तिसऱ्यांदा भाजतात. तांब्याचा हिरवा, लोहाचा पिवळा, मँगनीजचा जांभळा हे पारदर्शक असतात. ते जाड थराने बसवतात आणि बोटाला त्यांचा उंचवटा लागतो. लाल मात्र वेगळा. तो लोहभस्माचा, अपारदर्शक, आणि पातळच द्यावा लागतो. लालाचा थर चुकला तर तपकिरी तरी होतो नाहीतर विटतो. म्हणून आरितात कारागिराचे नाव लालावरून ठरत असे. हे रंगकाम करणाऱ्यांची एकच आळी होती, आका-ए-माची, म्हणजे लाल रंगकामाची आळी. आधी अकरा आणि पुढे सोळा घरांना परवाना होता, आणि रंगांच्या कृती बापाकडून एकाच वारसाला सांगितल्या जात.

काकिएमोन शैलीची खरी करामत मात्र रंगांपेक्षा रिकाम्या जागेत आहे. तिचा पांढरा निळसर नसतो. तो दुधाळ असतो, आणि स्थानिक बोलीत त्याला तांदळाच्या धुवणाचे नाव आहे. तो रंग साधायला दगड निवडण्यापासून काळजी लागते आणि भट्टीत फार भांडी बिघडतात. अठराव्या शतकात हे कसब लोपले. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनांनी पुष्कळ खटपट करून ते १९५३ मध्ये परत मिळवले. अशा पांढऱ्यावर एका कडेला लावापक्ष्यांची जोडी, वर एखादी वाकडी फांदी आणि बाकी दोन-तृतीयांश बशी तशीच सोडलेली. भरगच्च नक्षीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे अर्धवट वाटू शकते. दुसऱ्यांदा पाहिल्यावर मात्र त्यात एक पानही वाढवावेसे वाटत नाही.

ही भांडी जगभर गेली ती चीनमधल्या उलथापालथीमुळे. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, जिंगदेझेनच्या भट्ट्यांचा माल मिळेनासा झाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीला दुसरा पुरवठादार शोधावा लागला. वेंगुर्ल्याला जिची वखार होती तीच ही कंपनी. नागासाकी बंदरातल्या देजिमा या चिमुकल्या बेटावर बसून व्यापार करायची मुभा युरोपियनांपैकी फक्त तिलाच होती. १६५९ मध्ये तिने पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. त्यातला मोठा वाटा युरोपसाठी नव्हताच, तो येमेनच्या मोखा बंदरासाठी होता, कॉफीच्या पेल्यांचा. सुरत आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वखारींकडेही जपानी पोर्सिलेन येत असे. माल आरिताहून दहा-बारा किलोमीटरवरच्या इमारी बंदरात जाऊन जहाजावर चढे, म्हणून जगाने त्याला इमारी म्हटले. गावाचे नाव मागे पडले आणि बंदराचे चिकटले.

जपानी कुंभारांनी मोहरीचे भांडे किंवा तोटीची कॉफीची सुरई कधी पाहिलेली नव्हती. कंपनी लाकडी नमुने आणि चित्रे पाठवी, इकडे त्यावरून पोर्सिलेन घडे. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याशी धरायच्या, एका बाजूला अर्धचंद्राकार खाच असलेल्या बशा तेव्हा आरितात बनल्या. त्या तिथे कोणाच्याही कामाच्या नव्हत्या. उलट दिशेने काय आले तेही पाहण्यासारखे. याच जहाजांतून कोरोमंडलचे चितारलेले सुती कापड जपानला जाई. त्याला तिथे सारासा म्हणत आणि तुकड्या-तुकड्याने जपून ठेवत. १७७८ मध्ये तर सारासाच्या नक्ष्यांचे पुस्तकच निघाले. त्या कापडावरची फुले-वेली पुढे जपानी बशांवरही उतरल्या. एखाद्या इमारी ताटाची कड पाहताना ओळखीचे काही दिसल्याचा भास झाला, तर तो निव्वळ भास असेलच असे नाही.

युरोपात पोहोचल्यावर भांड्यांचा जन्म बदलला. आरितात जी खोल बशी माशाच्या चार कापांसाठी होती ती इंग्लंडच्या राणी दुसऱ्या मेरीसारख्यांच्या महालात भिंतीवर चढली. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला तर पोर्सिलेनचे वेडच होते. त्याने ड्रेसडेनमध्ये त्यासाठी ‘जपानी महाल’ म्हणून एक वाडाच घेतला. त्याच्याच ताब्यातल्या योहान बॉटगरला १७०८-०९ च्या सुमारास पोर्सिलेनचे रहस्य उलगडले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. त्या कारखान्याने काकिएमोनची लावापक्ष्यांची जोडी, ड्रॅगन, वाघ आणि बांबू जशीच्या तशी उतरवली. फ्रान्समध्ये शांतीयी आणि इंग्लंडमध्ये चेल्सी यांनीही तेच केले. आरिता आणि माइसेन १९७९ पासून भगिनी शहरे आहेत, नक्कल आता नात्यात जमा झाली. चिन्यांनीही १६८४ नंतर व्यापार खुला होताच स्वस्तातली ‘चिनी इमारी’ काढून जपान्यांचा बाजार मोडला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कंपनीने जपानी पोर्सिलेनचा अधिकृत व्यापार थांबवला.

थेट विकायला नसलेली भांडी मात्र गावापासून थोड्या अंतरावर बनत. ओकावाचियामा हे तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेले खेडे. नाबेशिमा सरदारांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली खास भट्टी तिथे बसवली आणि वाटेवर चौकी ठेवली, म्हणजे ना कारागीर बाहेर जाईल ना कसब. इथली भांडी शोगुनला, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाला, आणि इतर सरदारांना नजराणा म्हणून जात. आकार ठरलेले: तीन, पाच आणि सात सुन, आणि एक शाकु. सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर, दहा सुनांचा शाकु. बुडाची कडी उंच, तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या निळ्या रेघा. थोडी खोट निघालेले भांडे विकायचे नाही, फोडून टाकायचे. निळी बाह्यरेषा आणि झिलई ओकावाचीत होई, मग माल लाल आळीतल्या इमाइझुमी इमाएमोन घराण्याकडे जाई आणि रंग तिथे चढत.

या घराण्याची एक युक्ती नाबेशिमाच्या काळापासून चालत आली आहे. शाईने नक्षी काढायची आणि तिच्यावरून गोसु फिरवायचा. शाईतला सरस गोसुला जवळ येऊ देत नाही. पुन्हा भाजले की शाई जळून जाते आणि तिच्या जागी पांढरी, मऊ रेघ उरते. म्हणजे पांढऱ्या भांड्यावर पांढरा रंग देण्याऐवजी पांढरे राखून ठेवायचे. आजचे चौदावे इमाएमोन हेच तंत्र इतक्या सूक्ष्मपणे करतात की एका मोठ्या घटावर हिमकणांचे थरावर थर दिसतात. २०१४ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला.

नावे अशी दोन-चारच घेता येतात. ओकावाचियामाला बेवारस कुंभारांच्या ८८० थडग्यांचे दगड एकत्र रचून उभा केलेला ढीग आहे. संग्रहालयात ज्या ताटांपुढे लोक थबकतात त्यांतली बरीच त्यांच्या हातची असणार.

शोभेच्या भांड्यांवर पुस्तके भरपूर आहेत. मला जास्त रस वाटतो तो रोजच्या भांड्यांत. आरिताच्या शेजारी, डोंगरापलीकडे, हासामी नावाचे दुसरे गाव आहे; प्रांत वेगळा, नागासाकी. अठराव्या शतकात हासामीकरांनी शेकडो हात लांबीच्या प्रचंड भट्ट्या बांधल्या आणि जाडसर, थोडे राखाडी, पण पक्के पोर्सिलेन ढिगाने काढले. ओसाकाजवळच्या योदो नदीवर प्रवासी होड्यांना भिडून खाणे विकणारे होडीवाले अशाच वाडग्यांतून देत. त्यांची आरोळी असे ‘कुरावांका’, म्हणजे ‘खाता की नाही!’, आणि तेच नाव वाडग्यांना पडले. बूड जड, त्यामुळे होडी हलली तरी वाडगा कलंडत नाही. नक्षी म्हणजे चार फटकारे: एक फूल, दोन पाने, झाले. दिवसाकाठी असंख्य नग काढणाऱ्या हाताला चूक करायलाही वेळ नसतो, आणि बहुधा म्हणूनच त्या फुलांत कुठेही बिचकलेपण नाही. नाबेशिमाच्या निर्दोष ताटापेक्षा मला कुरावांकाचा वाडगा अधिक जिवंत वाटतो. ही माझी आवड. शोगुनला ती पटली नसती.

पोर्सिलेन असे सामान्य घरात शिरले तेव्हा त्याच्याभोवती जेवणाच्या रीती बसल्या. जपानी माणूस भाताचा वाडगा हातात उचलून जेवतो. म्हणून त्याचा घेर हाताच्या ओंजळीला मापून असतो आणि बुडाला कडी असते, जी धरली तर गरम भाताचा चटका लागत नाही. भाताला पोर्सिलेन, पातळ कालवणाला लाखेचे लाकडी भांडे. घरात ताटल्या सगळ्यांच्या सारख्या असल्या तरी भाताचा वाडगा ज्याचा त्याचा. नवरा-बायकोच्या वाडग्यांची जोडी थोरल्या-धाकट्या मापात मिळते. संच पाचाचा असतो, चाराचा नाही, कारण चार या आकड्याचा एक उच्चार मृत्यूशी जुळतो. नक्षीचेही संकेत आहेत. पाइन, बांबू आणि प्लम ही त्रयी शुभकार्यांची. एकमेकांवर चढलेल्या अर्धवर्तुळांच्या लाटा शांततेच्या. ऑक्टोपसच्या हातांसारखी वळत जाणारी वेल भरायला सोयीची आणि दिसायला भरघोस.

फुटलेल्या भांड्याची सोन्याच्या रेघेने केलेली डागडुजी आता जगभर ठाऊक आहे आणि तिच्यावर नको तितके तत्त्वज्ञान सांगून झाले आहे. गरिबाघरी सोने कुठून येणार? अठराव्या शतकाच्या शेवटाकडे एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, याकित्सुगी नावाची डागडुजी सुरू झाली. दारोदार फिरणारा कारागीर तुटलेल्या कडांना शिशाच्या काचेची पूड लावी आणि मंद आचेवर भाजून सांधा पक्का करी. सांध्यावर फिकट काचेची रेघ उरे, दिसायला सुंदर नाही, पण वाडग्यात पुन्हा भात वाढता येई. बुडावर लाल काचेने मालकाचे नाव किंवा खूण टाकत, म्हणजे परत देताना घोटाळा नको. टोकियोत पाया खणताना अशी सांधलेली खापरे सापडतात. नव्या भांड्यांच्या दुकानदारांना या सांधेवाल्यांचा फार राग होता, आणि तो समजण्यासारखा आहे.

१८२८ च्या वादळात लागलेल्या आगीने आरिता जवळजवळ सगळे जळाले. मेइजी काळात नाबेशिमांची सरदारकी गेली आणि खास भट्टीही बंद पडली. १८७० मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वाग्नर आरिताला आले; त्यांनी युरोपचा कोबाल्ट आणि कोळशाच्या भट्टीची ओळख करून दिली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी पोर्सिलेन गाजले. दुसरीकडे, इशिकावा प्रांतात कुतानीची भांडी होती: गडद हिरवा, पिवळा, जांभळा, अख्खे ताट रंगाने झाकलेले. सतराव्या शतकातल्या जुन्या कुतानीपैकी बरीच मुळात आरितालाच बनली असे उत्खननांनी सुचवले आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. नागोयाजवळ नोरिताके येथे १९०४ मध्ये कारखाना निघाला आणि जपानी डिनर सेट अमेरिकेच्या टेबलावर गेले. १८९० च्या अमेरिकी कायद्यामुळे आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, म्हणून त्या काळच्या मालावर ‘निप्पॉन’ छाप आहे आणि १९२१ नंतरच्यावर ‘जपान’. जुन्या बाजारात बशी उलटी करून पाहणाऱ्यांना याचा उपयोग होतो. फक्त चिनी सम्राटाच्या नावाची मोहोर पाहून फसू नये. आरिताचे कारागीर मिंग राजाचे नाव खुशाल टाकत.

मेइजी काळातच छपाईचाही जोर वाढला. आधी कागदी साच्यांनी आणि मग तांब्याच्या पत्र्यावरून. हाताचे आणि छापाचे काम वेगळे ओळखणे अवघड नाही. साच्याच्या नक्षीत रेघा मधेच तुटतात, कारण साचा टिकायला कागदाचे पूल ठेवावे लागतात. पत्र्यावरच्या छपाईत गडद भाग म्हणजे बारीक समांतर रेघांचे जाळे, आणि गोल भांड्याभोवती कागद जिथे मिळतो तिथे नक्षी जुळत नाही. हाताच्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो: टेकताना जाड, सुटताना बारीक. आणि दामीत रंग कडेला किंचित गडद होतो, थारोळे वाळते तसा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी दिलेल्या संग्रहांत जपानी कलावस्तू आहेत. तिथल्या कपाटापुढे ही नजर वापरून पाहता येते.

आजची स्थिती फार गोड नाही. १९९० च्या आसपासच्या भरभराटीनंतर आरिताची विक्री कित्येक पटींनी घसरली. खानावळी आणि उपाहारगृहे स्वस्त मालाकडे वळली, लग्नात संच देण्याची रीत ओसरली. आरिताच्या नावावर वर्षानुवर्षे विकला जाणारा हासामीचा माल मूळस्थानाच्या नियमांमुळे आपल्या नावाने बाजारात आला आणि तरुण गिऱ्हाइकांनी तो उचलून धरला, साध्या रेघांचा, एकावर एक रचता येणारा. २०१६ मध्ये चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा आरिताने डचांच्याच सहकार्याने परदेशी डिझायनरांकडून नवी भांडी करवून घेतली. त्यांतल्या कित्येकांवर नक्षी नाहीच. दरवर्षी २९ एप्रिल ते ५ मे या काळात मात्र पेठेत शेकडो दुकाने लागतात आणि आठवड्यात दहा लाखांवर माणसे येतात. शेवटच्या दिवशी भाव उतरतात, आणि दुकानदार मोडक्या संचातली चौथी बशी जवळजवळ फुकट देतो.

घरी आणलेल्या बशीचे काय करायचे, हे रंग झिलईच्या खाली आहे की वर यावर ठरते. खालच्या निळ्याला काही होत नाही. तो काचेत बंद आहे, रोज वापरा, रोज घासा. वरचे लाल-हिरवे मऊ स्पंजाने धुवावेत, यंत्रात घातले तर काही वर्षांत विटतात. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात. आणि जुन्या बाजारातून आणलेल्या रंगीत भांड्यात कैरीचे लोणचे किंवा लिंबाचे सार साठवू नये, कारण पूर्वी त्या रंगांच्या काचेत शिसे असे आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतो. त्यात कोरडी चकली चालेल.